शरदातल्या संध्याकाळी: घरातली कामे आणि वाचनाची सांगड

कातरवेळ (धागालेखिका)

शरदाची चाहूल लागली की घराच्या दिनक्रमात आपोआप फेरफार होऊ लागतात. पांघरुणे कपाटातून बाहेर येतात, खिडक्या लवकर मिटतात, संध्याकाळी बाहेर रेंगाळणे कमी होते आणि वर्षभर पुढे कधीतरी वाचू म्हणून बाजूला पडलेली पुस्तके पुन्हा खुणावू लागतात. ऋतुमानाप्रमाणे बदलणारी घरातली कामे आणि वाचन यांची सांगड कशी घालावी, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे आधीच मांडते. शरदातले वाचन घड्याळाच्या काट्याला न बांधता मावळतीला बांधावे. उत्तर गोलार्धात 22 किंवा 23 सप्टेंबरला दिवस-रात्र जवळपास समान होतात, आणि दिवस लहान होण्याचा वेगही याच सुमारास सर्वांत जास्त असतो. 20 अंश अक्षांशावर दिवस रोज एका मिनिटाहून थोडा अधिक आक्रसतो, तर 50 अंशांवर साडेतीन मिनिटांहून अधिक. म्हणजे उत्तरेकडच्या घरात महिन्याभरात पावणेदोन तासांहून अधिक उजेड कमी होतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा संध्याकाळच्या बाजूने जातो. अशा वेळी रोज सात वाजता वाचायला बसण्याचा नेम केला, तर सप्टेंबरच्या सुरुवातीचे सात आणि नोव्हेंबरचे सात या दोन वेगळ्याच वेळा ठरतात. पहिल्या वेळी मन अजून दिवसभराच्या धामधुमीत असते आणि दुसऱ्या वेळी ते केव्हाच पेंगुळलेले असते. त्याऐवजी घरातला पहिला दिवा लागला की वाचनाची वेळ सुरू झाली, असे धरले तर वेळ रोज किंचित अलीकडे सरकते आणि बैठक आपसूक लांबत जाते. नेम पाळण्यासाठी वेगळा निग्रह करावा लागत नाही.

कामांच्या बाबतीत मी एवढेच पाहते की हात गुंतलेले आहेत की कान, की दोन्ही मोकळे आहेत. कपड्यांच्या घड्या घालणे, लोकरीचे कपडे घासून साफ करणे, कपाट लावणे ही हातांची कामे आहेत. त्यांच्या जोडीला ऐकायचे पुस्तक उत्तम, मात्र ते कथाप्रधान असावे, कारण विचारप्रधान मजकूर ऐकताना हात थांबतात आणि मग धड काम होत नाही, धड ऐकणेही होत नाही. चुलीवर काही मंद आचेवर ठेवले आहे किंवा यंत्रात कपडे फिरत आहेत अशा वेळी मधूनमधून उठावे लागते. तिथे पत्रे, रोजनिशा, लघुनिबंध, कविता असे तुकड्यातुकड्यांनी वाचता येणारे साहित्य चालते. कादंबरी मात्र सगळी कामे हातावेगळी झाल्यावरच उघडावी, असे माझे ठाम मत आहे. अर्धे लक्ष कामात ठेवून वाचलेल्या कादंबरीतली पात्रे दुसऱ्या दिवशी नव्याने ओळख करून घ्यावी लागावीत इतकी परकी वाटतात.

इतरांनी आपापले दिनक्रम जरूर लिहावेत. पुस्तकांच्या याद्यांपेक्षा कोणत्या प्रकारचे वाचन कोणत्या वेळी साधते, यावर भर असावा अशी विनंती.

पानगळ

मावळतीची कल्पना पटली. त्यात एक भर घालावीशी वाटते. शरद विषुवापासून, म्हणजे दिवस-रात्र समान होतात त्या दिवसापासून, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसापर्यंत साधारण नव्वद दिवस असतात. नऊशे पानांची एखादी दणदणीत कादंबरी घेतली, तर रोजच्या वाट्याला फक्त दहा पाने येतात, आणि दहा पाने कोणालाही जड नाहीत. उन्हाळ्यात असे जाड पुस्तक हाती घेतले की ते प्रवासात, पाहुण्यांत, बाहेरच्या उजेडात हमखास अर्ध्यावर राहते. शरदात मात्र बैठक दिवसेंदिवस लांबत जात असल्यामुळे सुरुवातीला दहा पानांवर अडखळणारा वाचक शेवटच्या महिन्यात सहज वीस-पंचवीस पानांपर्यंत पोहोचतो आणि मागचा अनुशेषही भरून निघतो.

फक्त पहिले दोन आठवडे लघुकथांना द्यावेत. लांब वाचनाची सवय मोडलेली असते, ती एकदम हजार पानांनी जुळत नाही.

निशाचर

चर्चा वाचायला छान आहे, पण एक अडचण सांगतो. नोकरीवरून घरी परतेपर्यंत अंधार पडून गेलेला असतो अशा माणसाने मावळतीला काय बांधावे? ऑक्टोबरनंतर आठवड्याचे पाच दिवस मला घरातली संध्याकाळ दिसतच नाही. दिवा मी लावत नाही, तो आधीच लागलेला असतो. जेवण, आवराआवर आणि उद्याची तयारी झाल्यावर जो अर्धा तास उरतो, त्यात मन इतके शिणलेले असते की ओळीवरून डोळे फिरतात आणि आत काहीच जात नाही.

कातरवेळ

निशाचर, तुमची अडचण रास्त आहे. तुमच्या बाबतीत मावळती म्हणजे दार उघडून घरात पाऊल टाकण्याचा क्षण असे धरून पाहा. कामांच्या शेवटी उरणारा अर्धा तास वाचनाला देण्याऐवजी सुरुवातीची पंधरा मिनिटे द्यावीत. कपडे बदलावेत, हातपाय धुवावेत, मोठा दिवा न लावता एकच दिवा लावावा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पंधरा मिनिटे वाचावे, मग जेवणाकडे वळावे. घरातल्यांना हे आधी सांगून ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर आल्या आल्या पुस्तकात डोके खुपसणारा माणूस म्हणून बोलणी खावी लागतील. सुट्टीच्या दोन दिवशी मात्र खरी मावळती पाळावी.

जुनी बांधणी

वाचनाबद्दल बरेच लिहिले गेले, पण पुस्तकांबद्दल कोणीच काही म्हणाले नाही, म्हणून लिहितो. शरदातल्या घरकामात पुस्तकांची देखभाल हा माझ्या मते पहिला विषय असायला हवा, आणि तो वाचनाच्या आधीचा आहे.

दमट महिने संपल्यावर कपाट उघडले की जो कुबट वास येतो, तो बुरशीची पूर्वसूचना असतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कागदावर बुरशी धरण्याची शक्यता बरीच वाढते. शरदात यात आणखी एक भर पडते. रात्री गार होऊ लागतात, बाहेरच्या बाजूची भिंत आतल्या हवेपेक्षा लवकर थंड होते, आणि त्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागची हवा, घरात इतरत्र सगळे कोरडे वाटत असतानाही, दमटच राहते. म्हणून पुस्तके कपाटाच्या पाठीला चिकटवू नयेत, मागे दोन-तीन बोटे जागा सोडावी. शक्य असेल तर कपाटच आतल्या भिंतीला न्यावे.

पुस्तकांना थेट ऊन दाखवणे मात्र टाळावे. पांघरुणांना ऊन दाखवतात म्हणून पुस्तकांनाही दाखवावे, असा समज सर्रास आढळतो. स्वस्त कागदात लिग्निन हा लाकडातला घटक भरपूर असतो आणि प्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे तो पिवळा पडतो. वर्तमानपत्राचा कागद उन्हात काही दिवसांतच पिवळसर दिसू लागतो तो यामुळेच. शिवाय पुठ्ठा एका बाजूने लवकर वाळतो आणि वाकतो. सावलीत, वाऱ्याची झुळूक असेल अशा जागी, कोरड्या दिवशी पुस्तक खालच्या कडेवर उभे करावे, दोन्ही पुठ्ठे थोडे फाकवावेत आणि पाने पंख्यासारखी सैल सोडावीत. एका दुपारचे काम आहे. पांघरुणे उन्हात, पुस्तके सावलीत, अशी दोन्ही कामे एकाच दिवशी उरकता येतात.

धूळ झाडताना पुस्तक घट्ट मिटून धरावे आणि मऊ ब्रश वरच्या कडेवरून कण्याकडून पुढच्या कडेकडे, म्हणजे पाने उघडतात त्या बाजूकडे, फिरवावा. उलट फिरवला तर धूळ कण्यामागच्या पोकळीत जाऊन बसते आणि मग निघता निघत नाही. पुस्तक फळीवरून काढतानाही वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नये. शेजारची दोन्ही पुस्तके किंचित आत ढकलावीत आणि हवे ते पुस्तक मधोमध धरून बाहेर घ्यावे. जुन्या पुस्तकांचे कणे वरच्या टोकाला फाटलेले दिसतात, त्यामागे बहुतेक वेळा हे बोट असते.

मी हे सगळे काम करताना पुस्तके चाळत बसतो हे खरे आहे. पण हिवाळाभर काय वाचायचे ते त्या चाळण्यातूनच ठरते. यादी करून ठरवलेले वाचन माझ्याच्याने कधी तडीस गेलेले नाही.

पानगळ

जुनी बांधणी, कसर लागलेल्या पुस्तकांचे काय करावे? काही पुस्तकांच्या कण्याजवळ कुरतडल्याच्या खुणा दिसत आहेत.

जुनी बांधणी

कसर पिठाच्या खळीवर आणि डिंकावर ताव मारते, म्हणून तिची सुरुवात बहुधा बांधणीपासून होते. तिला दमट जागा मानवते, त्यामुळे हवा कोरडी ठेवणे हाच टिकाऊ उपाय आहे. कीड सध्या जिवंत असल्याची शंका असेल, तर पुस्तक हवाबंद प्लास्टिक पिशवीत घालावे, आतली हवा शक्य तितकी काढावी आणि फ्रीझरमध्ये ठेवावे. घरगुती फ्रीझर साधारण उणे 18 अंश सेल्सिअसवर चालतो. त्या तापमानाला दोन आठवडे द्यावेत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, कारण गार कागदावर दव धरते. निदान एक दिवस पिशवी बंदच राहू द्यावी. बुरशी मात्र या उपायाने मरत नाही, ती केवळ सुप्त होते. बुरशी धरलेले पुस्तक इतरांपासून वेगळे ठेवावे, पूर्ण कोरडे झाल्यावर घराबाहेर नेऊन, नाकातोंडाला मास्क लावूनच झाडावे. चामड्याची बांधणी किंवा मौल्यवान जुनी प्रत असेल, तर घरगुती प्रयोग न करता जाणकाराकडेच न्यावी.

मंददीप

उबदार, मंद उजेडाचे कौतुक सगळीकडे वाचायला मिळते. छायाचित्रात तो फार देखणा दिसतो, पण त्यात वाचता येत नाही, हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. वाचनासाठी पानावर साधारण 300 ते 500 लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) उजेड असावा. दिव्याचा रंग 2700 केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे पिवळसर, ठेवायला हरकत नाही. रंगाची ऊब आणि उजेडाची मात्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या 60 वॉटच्या तारेच्या बल्बइतका, सुमारे 800 ल्यूमेनचा (दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे एकक) एलईडी दिवा, खांद्यामागून आणि पानाच्या जवळ असा ठेवला की काम भागते. अंतर फार महत्त्वाचे असते: लहानसा उघडा दिवा पानापासून एक मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला, तर पानावरचा उजेड जवळपास चौपट होतो. जास्त वॉटचा दिवा विकत घेण्यापूर्वी आहे तोच दिवा जवळ ओढून पाहावा.

खोलीत मिट्ट काळोख आणि पानावर झगझगीत उजेड, अशी मांडणीही नको. पानावरून नजर उचलली की डोळ्यांना दर वेळी जुळवून घ्यावे लागते आणि ते लवकर थकतात. कोपऱ्यात दुसरा मंद दिवा असावा. घरात ज्येष्ठ वाचक असतील तर त्यांना अधिक उजेड लागतो. साठीच्या वयात डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या डोळ्यांच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश असतो, त्यामुळे नातवंडाला पुरेसा वाटणारा दिवा आजोबांना अंधुक वाटतो, यात चाळशीचा नंबर चुकलेला असतोच असे नाही.

निशाचर

मग पडद्यावर वाचणाऱ्यांचे काय? रात्री टॅबलेटवर वाचले की झोप उडते, असे सरसकट सांगितले जाते. माझ्याकडे छापील पुस्तके ठेवायला जागा नाही.

मंददीप

त्या समजाला आधार आहे, पण तो जेवढा ताणला जातो तेवढा तो ताणू नये. 2014 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध विज्ञानपत्रिकेत बॉस्टनच्या संशोधकांचा प्रयोग प्रकाशित झाला. त्यात झोपण्यापूर्वी प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांत मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाचे चक्र सुमारे दीड तास पुढे ढकलले गेले, आणि झोप लागायला छापील पुस्तक वाचल्यानंतर लागतात त्यापेक्षा साधारण दहा मिनिटे जास्त लागली. मात्र प्रयोगात 12 जण होते, वाचन रोज चार तास चालत होते, पडदा पूर्ण उजळ होता आणि खोली अंधुक होती. तुम्ही अर्धा तास, पडदा मंद करून, दिव्याच्या उजेडात वाचणार असाल, तर परिणाम तेवढाच होईल असे मानायला कारण नाही. स्वतः न उजळणाऱ्या, शाईसारख्या पडद्याचे वाचनयंत्र मिळाले तर हा प्रश्नच उरत नाही. टॅबलेटची खरी खोड निराळी आहे: त्यावर पुस्तकाशेजारी इतर शंभर गोष्टी हात जोडून उभ्या असतात.

दक्षिणवारा

मी दक्षिण गोलार्धात राहते, त्यामुळे तुमचा शरद सुरू होतो तेव्हा आमच्याकडे वसंत असतो. आमची पानगळ मार्च ते मे अशी चालते. तरीही या धाग्यातले सगळे जसेच्या तसे लागू पडते, फक्त महिने उलटे. त्यामुळे महिन्याला नव्हे, तर मावळतीला बांधा, या सूचनेला माझे विशेष अनुमोदन.

शरद आणि वाचन यांचे नाते फार जुने आहे. तांग काळातले चिनी कवी हान यू (768–824) यांनी आपल्या मुलाला अभ्यासाचा उपदेश करणारी एक कविता लिहिली आहे. शरदात लांबलेला पाऊस ओसरला आहे, नवा गारवा आला आहे, आता दिव्याशी जवळीक करावी आणि ग्रंथ उलगडावेत, अशा आशयाच्या ओळी तिच्यात आहेत. जपानमध्ये शरदाला वाचनाचा ऋतू मानतात, त्याचे मूळ याच ओळींत सांगितले जाते, आणि तिथे 1947 पासून वाचन सप्ताह साजरा होतो; आता तो 27 ऑक्टोबर ते 9 नोव्हेंबर असा प्रत्यक्षात दोन आठवडे चालतो. मला यातली गंमत वाटते ती अशी की बाराशे वर्षांपूर्वीच्या बापानेही मुलाला पुस्तकाकडे वळवताना आधी हवामानाचा दाखला दिला.

मुलांच्या बाबतीत माझा अनुभव असा की मोठ्याने वाचून दाखवण्याला शरदासारखा ऋतू नाही. अंधार लवकर पडत असल्यामुळे मुले बाहेरून लवकर परततात, पण झोपेची वेळ दूर असते. ती मधली वेळ किरकिरीची असते. त्या वेळेला रोज एक प्रकरण, आणि तेही ऐन रंगात आलेल्या जागी थांबवलेले, असा शिरस्ता ठेवला की मुलेच दिवा लावायची आठवण करतात. ऐकताना त्यांच्या हातात मातीकाम, चित्रे किंवा मोजे जोडी लावण्याचे काम द्यावे. हात गुंतले की कान टिकतात.

कातरवेळ

दक्षिणवारा, सुरेख माहिती. आपल्या परंपरेत कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’चे सहा सर्ग आहेत, ग्रीष्मापासून वसंतापर्यंत, आणि त्यात शरद तिसरा येतो. ऋतू बदलला की त्या त्या ऋतूचा सर्ग उघडायचा, असे वाचले तर ते छोटे काव्य वर्षभर पुरते. आणि ‘ज्ञानेश्वरी’च्या पहिल्याच अध्यायात, चकोराची पिले शरदाच्या चंद्रकिरणांतले कोवळे अमृतकण ज्या हळुवारपणे वेचतात, तितक्या हळुवार चित्ताने श्रोत्यांनी ही कथा अनुभवावी, असे सांगितले आहे. संथ वाचनाची याहून नेमकी सूचना मला ठाऊक नाही. तुकड्यातुकड्यांनी वाचण्याजोगे साहित्य म्हणून वर जे लिहिले, त्यात ओव्यांचा समावेश जरूर करावा. रोज चार-पाच ओव्या, त्याहून जास्त नाही.

संथपाणी

थोडा वेगळा सूर लावतो, क्षमस्व. दिवस लहान झाले की काही जणांचा उत्साह खरोखरच मावळतो, आणि त्यांना पांघरूण आणि पुस्तक घेऊन बसा, असा सल्ला पुरत नाही. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये या ऋतुजन्य नैराश्याचे सविस्तर वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. त्यावरच्या प्रकाशोपचारात साधारणपणे 10,000 लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसवतात. डोळ्यांचा विकार किंवा अन्य मनोविकार असल्यास हा उपचार वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नये. ज्यांना एवढा त्रास नाही त्यांनीही संध्याकाळच्या उबदार कोपऱ्याबरोबर सकाळचा उजेड सोडू नये. मी वर्तमानपत्र आणि कामाचे वाचन सकाळी खिडकीपाशी उभ्याने करतो, आणि संध्याकाळसाठी फक्त आवडीचे ठेवतो. झोप, भूक किंवा कामातला रस आठवडेच्या आठवडे बिघडलेला असेल, तर डॉक्टरांकडे जावे. तिथे पुस्तकावर भार टाकू नये.

पानगळ

संथपाणी, हे लिहिलेत ते बरे केलेत.

जाता जाता एक तक्रार नोंदवते. शरदातला निवांतपणा हल्ली विकत घ्यायची वस्तू झाला आहे: सुगंधी मेणबत्त्या, खास उशा, वाचनकोपऱ्यासाठी खास शाल. मेणबत्तीच्या वासाने पुस्तकाचा वास मरतो, आणि ती कागदाशेजारी जळत ठेवून डुलकी लागणे हा सरळसरळ धोका आहे. बसण्याची मोडलेली खुर्ची आधी दुरुस्त करावी.

निशाचर

आठवडाभर दारातून आल्यावर पंधरा मिनिटांचा प्रयोग चालू आहे. घरातल्यांनी कुरकुर केली, मग दोघे जण स्वतःची पुस्तके घेऊन शेजारी येऊन बसले. आता एका दिव्याखाली तीन माणसे मावत नाहीत. मंददीप, एकाच दिव्यात तिघांची सोय होईल अशी मांडणी असते का?

मंददीप

होते. दिवा टेबलाच्या मधोमध न ठेवता वरून लोंबता घ्यावा, टेबलाच्या पृष्ठभागापासून साधारण 60 ते 75 सेंटीमीटर उंचीवर, आणि त्याला खालून रुंद, आतून पांढरी अशी छत्री (शेड) असावी, म्हणजे उजेड डोळ्यांत न जाता पानावर पडतो. बसलेल्या माणसाला बल्ब थेट दिसत असेल तर उंची आणखी कमी करा. तिघांपैकी ज्यांचे वय जास्त आहे, त्यांना मात्र वेगळा दिवा द्याच.